पोकेमॉनचा ट्रेड जुळत नाही, बॅटल मध्येच तुटते: आधी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

"नेट तर मस्त चालतंय, यूट्यूब कुठे अडकत नाही, मग ट्रेडच का होत नाही?" आमच्या पोकेमॉनवाल्या टोळक्यात हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की मी आता नेटच्या वेगाबद्दल ऐकूनच घेत नाही. एवढंच विचारतो: नक्की कुठल्या पायरीवर अडकतंय? निम्मं उत्तर त्या पायरीतच असतं.

ट्रेड म्हणजे दोन खेळाडूंनी पोकेमॉनची अदलाबदल करणं, बॅटल म्हणजे त्यांचा सामना. खाली जे लिहिलंय ते निन्टेन्डो स्विच या गेमयंत्रावरच्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेमांच्या जोडीला धरून आहे. स्वोर्ड आणि शील्डमध्ये पोके पोर्टलच्या (दुसऱ्यांशी ट्रेड-बॅटल करायच्या मेनूच्या) जागी वाय-कॉम आहे. मेनू वेगळे, पण नेटचा भाग जवळपास सारखाच.

लक्षणं

पहिलं: पोके पोर्टलमध्ये एल बटण दाबलं तरी ऑनलाइन जातच नाही, किंवा जाता जाता एरर येतो.

दुसरं: ऑनलाइन गेलात, लिंक कोड (दोघांनी ठरवून टाकायचा एकच आकडा) टाकलात आणि दोघंही शोधतच बसलात. एरर नाही, काही नाही.

तिसरं: जोडीदार सापडल्यासारखा वाटतो आणि लगेच कम्युनिकेशन एरर. सोबत पुष्कळदा २६१८-०५१६ हा कोड.

चौथं: सरप्राइज ट्रेड (अनोळखी माणसाशी आपोआप होणारी अदलाबदल) होतो, मिस्ट्री गिफ्ट (गेमकडून मिळणारी भेट) उतरते, पण ओळखीच्या माणसाशी लिंक ट्रेड किंवा लिंक बॅटल कधीच लागत नाही.

पाचवं: बॅटल सुरू होते, दोन-चार चाली होतात, मग 'कम्युनिकेटिंग' लटकून राहतं आणि सामना तुटतो.

सहावं: ट्रेड झाला, पण ट्रेडनंतर ज्याचं रूप बदलायला हवं तो हाँटर हाँटरच राहिला. याचा नेटशी काही संबंध नाही, म्हणून निकाल इथेच लावतो. त्याच्याकडे एव्हरस्टोन (रूप बदलू न देणारा दगड) आहे का बघा, असेल तर काढा. सायदरचं नेमकं उलट आहे, त्याचा सिझर व्हायला हातात मेटल कोट लागतो. तो न देता दहा वेळा इकडून तिकडे पाठवलात तरी सायदरच परत येईल.

आता या सगळ्यामागची एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचे तपास आंधळेपणाने करावे लागणार नाहीत. ऑनलाइन ट्रेडमध्ये दोन वेगवेगळ्या जोडण्या असतात. एक तुमच्या स्विचची सर्व्हरशी. मेंबरशिप आहे का, कोड कुणाशी जुळतो, हे सर्व्हर बघतो आणि दोन खेळाडूंची गाठ घालून देतो. दुसरी जोडणी थेट तुमच्या स्विचची समोरच्याच्या स्विचशी, आणि ट्रेड किंवा बॅटल प्रत्यक्षात तिच्यावरून चालते. यूट्यूब, गेमचं अपडेट, मिस्ट्री गिफ्ट या सगळ्याला पहिल्या प्रकारची जोडणी पुरते. म्हणून "नेट चालतंय" या वाक्यातून दुसरीबद्दल काहीच कळत नाही. पहिलं लक्षण सर्व्हरच्या बाजूचं. तिसरं आणि चौथं जवळजवळ नेहमी थेट जोडणीचं. पाचवं बहुधा वायफायचं. दुसरं मात्र बहुतेक वेळा माणसांचं असतं, आणि त्याच्यापासूनच सुरुवात करू, कारण त्याला पैसे लागत नाहीत.

फुकटातले तपास

सगळ्यात आधी बघा, तुमच्या गेमची ऑनलाइन सेवा अजून जिवंत आहे का. हसू नका. जुना डीएस कपाटातून काढून डायमंड किंवा प्लॅटिनमचा ट्रेड का लागत नाही म्हणून राउटर बदलायला निघालेले लोक मी पाहिलेत. डीएसच्या गेमांची निन्टेन्डो वायफाय कनेक्शन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. थ्रीडीएसवरचं ऑनलाइन खेळणं एप्रिल २०२४ मध्ये संपलं. या यंत्रांवर शेजारी बसून ट्रेड आजही होतो, घरबसल्या दूरच्या माणसाशी होत नाही, आणि कुठल्याही सेटिंगने होणार नाही. चाहत्यांनी चालवलेले पर्यायी सर्व्हर आहेत, पण ती वेगळी वाट आहे.

गेम चालू पिढीतला असेल तर निन्टेन्डोच्या संकेतस्थळावर नेटवर्क स्थितीचं पान उघडा. देखभालीसाठी सेवा बंद असली तर तिथे लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या रात्रीची देखभाल आपल्या भर दुपारी येऊ शकते, तेव्हा रविवारी दुपारी सगळ्यांचंच अडकलं असेल तर राउटरला हात लावण्याआधी हे पान बघा.

मग दोघांनी फोनवर बोलत एकेक गोष्ट ताडून घ्या. दोघंही एल दाबून ऑनलाइन आहेत का? पोके पोर्टल सुरुवातीला ऑफलाइन असतं आणि त्या अवस्थेत जवळचाच स्विच शोधतं. एक जण ऑनलाइन आणि दुसरा ऑफलाइन असेल तर एकाच सोफ्यावर बसूनही दोघांची भेट होणार नाही. हा घोळ मी इतर कुठल्याही बिघाडापेक्षा जास्त वेळा सोडवलाय, आणि शेजारी बसलेल्यांच्यातच तो जास्त होतो. शेजारीच असाल तर दोघंही ऑफलाइन राहा. मेंबरशिप लागत नाही आणि राउटरचा प्रश्नही उद्भवत नाही.

एक जण लिंक ट्रेडमध्ये आणि दुसरा लिंक बॅटलमध्ये असं तर नाही ना? बॅटल असेल तर सिंगल की डबल, आणि नियम कुठले, हे दोघांचं एकच हवं. कोड आठ आकडी द्या आणि ओळखीचा नको. ०००० ०००० किंवा १२३४ ५६७८ टाकलंत तर जगात कुणीतरी त्याच क्षणी तेच टाकत असतं, आणि तुमच्या लार्व्हिटारच्या बदल्यात बेगॉनऐवजी कुणीतरी फिडो दाखवत बसतो. (लार्व्हिटार स्कार्लेटमध्ये मिळतो, बेगॉन व्हायोलेटमध्ये. ट्रेडचं निम्मं राजकारण याच जोड्यांवर चालतं.) कोड रिकामा सोडलात तर अनोळखी माणूसच मिळणार, तो बिघाड नव्हे.

त्यानंतर मेंबरशिप. दूरच्या माणसाशी ट्रेड किंवा बॅटल करायला निन्टेन्डो स्विच ऑनलाइनचं पैसे भरून घेतलेलं सदस्यत्व लागतं. मिस्ट्री गिफ्टला लागत नाही, आणि फसगत तिथेच होते: गिफ्ट उतरली म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटतं. आपल्याकडे बरेच जण सदस्यत्व कोड विकत घेऊन भरतात. ते आपोआप नव्याने सुरू होत नाही आणि संपलेलं लक्षातही येत नाही. शिवाय सदस्यत्व यंत्राचं नसतं, निन्टेन्डो अकाउंटचं असतं. ताईच्या अकाउंटवर एकट्याची मेंबरशिप असेल आणि धाकटा त्याच स्विचवर स्वतःच्या प्रोफाइलने खेळत असेल, तर त्याला ती लागू होत नाही. घरात दोघं-तिघं खेळत असतील तर फॅमिली मेंबरशिप बघा, तीत आठ अकाउंट बसतात.

गेमचं व्हर्जनही दोघांचं सारखं लागतं. होम स्क्रीनवर गेमच्या चित्रावर या, प्लस दाबा, सॉफ्टवेअर अपडेटमधून इंटरनेटवरून अपडेट करा. कार्ट्रिज असली तरी अपडेट यंत्रातच साठतं, म्हणून मित्राची कार्ट्रिज आणून आपल्या स्विचमध्ये घातली तर पुन्हा बघावं लागतं. दोघं शेजारी असाल आणि नेट नसेल, तर त्याच मेनूत जवळच्या खेळाडूशी व्हर्जन जुळवण्याची सोय आहे. ट्रेकला, गावाला, रेल्वेत ती फार उपयोगी पडते.

आता स्विच खरोखर बंद करा. वरचं बटण एकदा दाबलं की तो फक्त झोपतो. बटण तीनेक सेकंद दाबून धरा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा आणि रीस्टार्ट करा. राउटर आणि फायबरची डबी (नेट कंपनीची वायर जिला येते ती), दोन्ही अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा लावा. आधी डबी, तिचे दिवे स्थिर झाले की राउटर, शेवटी स्विच. राउटर कुठली जोडणी कुठल्या यंत्राची याची एक यादी ठेवतो. आठवडेच्या आठवडे चालू असलेल्या स्वस्त राउटरमध्ये ती बिनसते, आणि लाइट गेली-आली की अर्धवट सुरू झालेला राउटरही असाच वागतो.

शेवटचा फुकट तपास लोक हमखास गाळतात: तिसरा माणूस. तुमचं अ शी जुळत नाही, पण ब शी जुळतं, तर तुमचं यंत्र आणि तुमचं नेट बहुधा ठीक आहे. अ ने ब शी करून बघावं. त्याचं तिथेही अडकलं तर पुढचं सगळं अ ने वाचावं. दोन टोकांची जोडणी असते, आणि आपण मात्र आपलंच टोक खरवडत बसतो. तपासाच्या वेळी ट्रेडला लेचोंकसारखं काहीतरी किरकोळ लावा. शायनी (दुर्मीळ रंगाचा) किंवा एकमेव असलेला पोकेमॉन लावून कुणी जोडणी तपासू नये.

कनेक्शन टेस्ट आणि ते एक अक्षर

सिस्टम सेटिंग्ज, इंटरनेट, मग कनेक्शन टेस्ट. मिनिटभरात वेग आणि नॅट टाइप दिसतो. वेगाकडे फार बघू नका. ऑनलाइन खेळण्यासाठी निन्टेन्डोची किमान अपेक्षा ३ एमबीपीएस डाउनलोड आणि १ एमबीपीएस अपलोड एवढीच आहे, म्हणजे शंभरचा प्लॅन दोनशेचा करून इथे काही साधत नाही. बघायचं ते अक्षर: ए, बी, सी, डी किंवा एफ.

घरातली सगळी यंत्रं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून दिसतात, आतली वाटणी राउटर करतो. त्यालाच नॅट म्हणतात. आतून बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर तो आत सोडतो. बाहेरून आपण होऊन आलेलं काही अडवतो. थेट जोडणीत मात्र दोन्ही स्विच एकमेकांना आपण होऊनच गाठत असतात. नॅट मोकळं असेल, म्हणजे ए किंवा बी, तर हे सहज जमतं. सी असेल तर बहुतेकांशी जमतं, काहींशी नाही. डी असेल तर राउटर प्रत्येक नव्या पत्त्यासाठी बाहेरचं दार बदलतो, त्यामुळे समोरच्याला तुमचं दार सापडत नाही. समोरचा ए असला तर निभावतं, दोघंही डी असाल तर विसरा. एफ म्हणजे लागणारी वाहतूकच कुठेतरी अडवलेली आहे. २६१८-०५१६ हा कोड नेमकं हेच सांगतो, की दोन नॅटांमधून वाट निघाली नाही. "अमेरिकेतल्या मावसभावाशी होतं, पण गल्लीतल्या मित्राशी होत नाही" या कोड्याचं उत्तरही इथेच आहे. अंतराचा प्रश्न नसतो, मावसभावाचं नॅट मोकळं असतं.

हॉस्टेल, ऑफिस किंवा कॅफेच्या वायफायवर एफ किंवा डी आला तर तिथेच सोडा. ते जाळं चालवणाऱ्याने ठरवून बंद केलेलं असतं.

अक्षर ए किंवा बी आहे आणि तरी बॅटल तुटते? मग वायफाय बघा. स्विच हातात धरून राउटर असलेल्या खोलीत जा आणि तिथे एक सामना खेळा. तिथे नीट चालला तर प्रश्न भिंतींचा. राउटर दोन्ही पट्ट्यांवर चालत असेल तर ५ गिगाहर्ट्झची निवडा, कारण २.४ वर सोसायटीतले सगळे राउटर, मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ एकत्र भांडत असतात. दूरच्या खोलीत ५ ची पट्टी पोहोचत नाही, तिथे नाइलाजाने २.४. बॅटलला वेग लागत नाही, सातत्य लागतं. स्पर्धेच्या नियमांनी खेळत असाल तर एका चालीला ४५ सेकंद मिळतात, आणि रँक्ड सामन्यात जोडणी तुमच्याकडून तुटली की हार तुमच्या नावावर जाते. त्या मानाने यूएसबी लॅन अडॅप्टर स्वस्तच म्हणायचा. ओएलईडी मॉडेलच्या डॉकला लॅनची जागा आधीच असते, फक्त वायर लागते. केबल हा वायफायवरचा हमखास उपाय आहे, पण नॅटवरचा नाही. डी चा बी ती करणार नाही.

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा असं सगळेच सांगतात. बघा, पण निष्कर्ष नीट काढा. हॉटस्पॉटवर ट्रेड झाला तर दोष तुमच्या घरच्या राउटरकडे किंवा फायबरकडे आहे हे पक्कं. नाही झाला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण मोबाइल कंपन्यांचं नॅट बहुधा घरच्याहूनही घट्ट असतं.

डीएनएसबद्दल दोन ओळी, कारण प्रत्येक व्हिडिओत तेच सांगतात. एरर २११०-३१२७ असेल, म्हणजे नावावरून पत्ता सापडत नसेल, तर इंटरनेट सेटिंग्जमध्ये डीएनएस मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाका, काम होतं. बाकी वेळी त्याचा उपयोग नाही, नॅट टाइप डीएनएसने बदलत नाही. एमटीयू (एका वेळी पाठवायच्या तुकड्याचा आकार) १४०० वरून १५०० करण्याचंही तसंच. कुणाचं डाउनलोड थोडं वाढत असेल, पण न जुळणारा ट्रेड त्याने जुळलेला मला दिसलेला नाही.

राउटरच्या आत

इथून पुढे राउटरचा पासवर्ड लागतो. तो घरातल्या ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना विचारून करा. वडिलांची ऑफिसची मीटिंग चालू असताना राउटर रीस्टार्ट करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. आणि काहीही बदलण्याआधी त्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा.

पहिली बघायची ती यूपीएनपी नावाची सेटिंग. ती चालू असली की स्विच स्वतःच राउटरला लागणारं दार उघडायला सांगतो. चालू करा, राउटर आणि स्विच दोन्ही पुन्हा सुरू करा, टेस्ट घ्या. बरीच घरं इथेच डी वरून बी वर येतात. मात्र ही सोय घरातल्या प्रत्येक यंत्राला मिळते. जाळ्यावर एखादा बिननावाचा स्वस्त सीसीटीव्ही असेल तर त्यालाही. तो असेल तर मी यूपीएनपी बंद ठेवून पोर्ट फॉरवर्डिंगने (फक्त स्विचसाठी दारं हाताने उघडून) करीन, ते पुढे येतंच.

दुसरं, दोन राउटर एकामागे एक आहेत का? केबलवाल्याने फायबरची डबी बसवली, तिला स्वतःचं वायफाय आहे. मग रेंज कमी पडते म्हणून तुम्ही दुकानातून चांगला राउटर आणून तिला जोडला. आता दोन नॅट झाली, आणि आतल्या राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलं तरी बाहेरच्याला त्याचा पत्ता नाही. तपास फुकट आहे: स्विच थेट डबीच्या वायफायला जोडा आणि टेस्ट घ्या. अक्षर सुधारलं तर तुमचा नवा राउटर अॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, नॅट करणार नाही. रेंज तीच राहते, नॅट एक होतं.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. सर्वात बाहेरच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी नावाचा आकडा, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, शोधा. मग त्याच जाळ्यावरून मोबाइलमध्ये, आपला आयपी दाखवणारं कुठलंही पान उघडून तिथला आयपीव्ही४ आकडा बघा. दोन्ही आकडे सारखे असतील तर सार्वजनिक पत्ता तुमचाच आहे आणि उपाय तुमच्या राउटरमध्येच आहे. वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर वर अजून एक राउटर आहे. १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्यातला असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक नॅटमागे आहात. १० ने सुरू होत असेल तर दोन्हींपैकी काहीही असू शकतं. घरात दुसरा राउटर नसेल तर तोही कंपनीचाच समजा.

सार्वजनिक पत्ता तुमचा असेल, यूपीएनपी चालत नसेल किंवा नको असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग. आधी राउटरमध्ये स्विचसाठी आतला आयपी राखून ठेवा, नाहीतर उद्या तोच आकडा लॅपटॉपला मिळेल आणि दारं त्याच्याकडे उघडतील. मग त्या आयपीकडे यूडीपीची ४५००० ते ६५५३५ ही पट्टी, म्हणजे या क्रमांकांची दारं, वळवा. टीसीपी हा दुसरा प्रकार तिथे दिसेल, त्याची गरज नाही. डीएमझेड नावाचा शॉर्टकट दिसेल, त्यात एका यंत्राकडे सगळंच उघडतं. मी तो फक्त पाच मिनिटांच्या तपासासाठी वापरतो, की डीएमझेडने अक्षर बदललं तर दोष राउटरच्या नियमांत आहे हे कळतं, आणि मग लगेच बंद करतो.

कंपनीच्या नॅटमागे असाल तर

मग तुमच्या राउटरमध्ये काहीही केलंत तरी ते अर्धवटच राहणार. आयपीव्ही४ चे पत्ते जगात पुरेसे उरलेले नाहीत, म्हणून कंपन्या पुष्कळ घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. सोसायटीच्या गेटवर पार्सल आलंय, त्यावर फक्त सोसायटीचं नाव आहे, फ्लॅट नंबर नाही, आणि वॉचमनकडे रहिवाशांची यादी नाही, तसं हे आहे. तुमच्या फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवून पार्सल वर येणार नाही. सगळ्यांचं नॅट सारखं घट्ट नसतं, म्हणून अशा जोडणीवरही काहींना बी किंवा सी मिळतो आणि खेळ चालतो. डी मिळाला तर उपाय कंपनीच्याच हातात.

फोन करताना "गेम चालत नाही" असं सांगू नका. पलीकडचा स्पीड टेस्ट करायला लावेल, ती उत्तम येईल, तक्रार बंद होईल. सरळ म्हणा: "मला पब्लिक स्टॅटिक आयपी हवाय, माझा वॅन आयपी सामायिक नॅटमधला येतोय." दरमहा वेगळे पैसे पडतात, काही ठिकाणी तो फक्त व्यावसायिक जोडणीलाच देतात. छोट्या गावात, तालुक्याच्या ठिकाणी स्थानिक केबलवाला असेल तर काम उलट सोपं होतं, कारण जो माणूस फोन उचलतो त्याच्याच हातात ते असतं. कंपनीने नाही म्हटलं तर पोर्ट उघडून देणारी व्हीपीएन सेवा राउटरवर बसवता येते, पण ती महिन्याच्या महिन्याला पैसे खाते आणि बॅटलला उशीर वाढवते. फक्त ट्रेडसाठी मी तो खटाटोप करणार नाही.

त्याऐवजी पोकेमॉन होम वापरा. स्विचवरच्या होम अॅपमधून पोकेमॉन होममध्ये चढवा, मग मोबाइलवरच्या होम अॅपमधून मित्राशी ट्रेड करा किंवा जीटीएसवर (अनोळखी लोकांशी अदलाबदलीच्या बाजारात) टाका. त्याला स्विच ऑनलाइनची मेंबरशिप लागत नाही, आणि दोन स्विचांनी एकमेकांना गाठायचा प्रश्नच नसल्यामुळे नॅटही आडवं येत नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये ३० पोकेमॉन मावतात, ट्रेडपुरते पुष्कळ झाले. बॅटल मात्र होममधून होत नाही.

इथे थांबा

फायबरच्या डबीवर लॉस असं लिहिलेला दिवा लाल असेल तर प्रकाशच पोहोचत नाहीये. वायर उपसून, टोक पुसून, पुन्हा खुपसून बघू नका. ते टोक केसाएवढं नाजूक असतं आणि त्यातला प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांना घातक ठरू शकतो. केबलवाल्याला बोलवा.

राउटरच्या पानात यूपीएनपी आणि फॉरवर्डिंग दिसतच नसेल तर कंपनीने ते कुलूपबंद केलंय. इंटरनेटवर मिळणारे मास्टर पासवर्ड मारून बघणं किंवा दुसरं फर्मवेअर चढवणं इथे नको. डबी कंपनीची असते आणि बंद पडली की घरादाराचं नेट जातं. डबी ब्रिज मोडवर टाकून द्यायला, म्हणजे नॅटचं काम तुमच्या राउटरकडे सोडायला, त्यांनाच सांगा.

राउटरच्या शेजारी उभं राहूनही स्विचला एकही वायफाय दिसत नाही, मोबाइलला दिसतं, किंवा फ्लाइट मोड चालू होऊन अडकलाय आणि बंदच होत नाही, तर वायफायच्या चिपचा संशय घ्या. फॅक्टरी रीसेट करायची घाई करू नका. स्कार्लेट-व्हायोलेटचा सेव्ह यंत्रातच असतो आणि या गेमांना क्लाउड बॅकअप नाही, त्यामुळे रीसेटमध्ये सगळे पोकेमॉन जातात. उघडून बघायचीही गोष्ट नाही ही. चिप बोर्डावरच डकवलेली असते, तिला सूक्ष्म सोल्डरिंग करणारा कारागीर लागतो. आपल्याकडचे बहुतेक स्विच आयात केलेले असल्याने वॉरंटीचा फायदा सहसा मिळत नाही. म्हणून देण्याआधी विचारा, की स्विचचे बोर्ड आधी केलेत का आणि सेव्ह न पुसता करणार का. "बघू" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान शोधा.

आणि एरर २१२४-४००७ आला तर त्या यंत्रावरच ऑनलाइनची बंदी घातलेली आहे. नॅट, राउटर, मेंबरशिप, काहीही बदलून ती उठत नाही, आणि "बंदी काढून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जुना स्विच घेताना हे हमखास गळ्यात पडतं, कारण आधीच्या मालकाने मॉड करून पायरेटेड गेम चालवलेले असतात आणि गेम ऑफलाइन तर व्यवस्थित चालतात. म्हणून सौदा करताना विकणाऱ्यासमोरच आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला यंत्र जोडा आणि ईशॉप उघडून बघा. उघडलं नाही तर यंत्र त्याच्या हातात परत द्या.